मान धरली, कंबर धरली

आमच्या ह्यांना साइटवर कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे 'ओळंबा' म्हणतात. भिंत सरळ उभी आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला पितळी वजन टांगून धरतात ना, तो ओळंबा. ह्यांच्या खिशात तो कायम असतो, आणि खिशात नसला तरी डोळ्यांत असतो. कोणाकडे पाहुणे म्हणून गेलो आणि घरचे पाणी आणायला आत वळले, की हे एक डोळा मिटून दाराची चौकट बघणार. मग "अर्ध्या बोटाने कललीये" असं माझ्या कानात सांगणार, आणि तेही आतल्या माणसाच्या हातचं पाणी हिंदकळेल एवढ्या मोठ्याने.

हे गिलाव्याचे गवंडी. थापीने भिंतीवर माल मारायचा, पाटा ओढायचा, घोटून घोटून भिंत गुळगुळीत करायची. मी घरी शिलाई मशीन चालवते, लोकांच्या पँटी आखूड करते, झिपा बदलते. हिच्या हातात एक सुई आणि जिभेवर दुसरी, असं हे चारचौघांत सांगतात. सांगू देत. खोटं नाहीये ते.

लेक आणि जावई वरच्याच मजल्यावर राहतात. जावई बस चालवतात, उजाडायच्या आत बाहेर पडतात, आणि मग लेक पोरीला घेऊन दिवसभर आमच्याकडे. ही पोरगी म्हणजे आमची नात. ह्यांनी तिचं नाव ठेवलं 'मुकादमीणबाई'. कारण काय, तर ती नुसती 'अँ' म्हणाली की चार मोठी माणसं हातातलं टाकून कामाला लागतात, आणि खऱ्या मुकादमालाही ते आजवर जमलेलं नाही.

आमची लेक लहान होती तेव्हा हे कायम परगावच्या कामांवर. ती पहिल्यांदा जेवली तेव्हा हे नव्हते, उभी राहिली तेव्हा नव्हते, आणि 'बाबा' म्हणाली ते भिंतीवरच्या फोटोला म्हणाली. सगळं ह्यांना मागाहून कळलं. कधी तक्रार केली नाही माणसाने. पण नात झाली त्या दिवशी दवाखान्यात तिला हातांवर घेऊन म्हणाले, "हिचा पहिला चमचा मी भरवणार. बाकी काही मागत नाही." लेक पलंगावरूनच म्हणाली, "दिला, बाबा!"

झालं! तेव्हापासून ह्यांना एकच ध्यास. माल सुकल्याशिवाय भिंतीला हात लावू नका, घाई करू नका, असं जन्मभर दुसऱ्यांना सांगत आलेला हा माणूस. पण नातीच्या बाबतीत उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.

पोरगी चार महिन्यांची झाली आणि एका दुपारी हे स्वयंपाकघरातून ओरडले, "अगं ये! धरली! मान धरली!" मी मशीन सोडून धावले. खरंच, ह्यांच्या खांद्यावरून मुकादमीणबाई ताठ मानेने खिडकीबाहेरची रहदारी तपासत होत्या. मान जराही डुगडुगत नव्हती. मला इतका आनंद झाला की मी ह्यांच्या पाठीत धपाटाच घातला.

आता बाळाची मान कुठल्याही घरात धरते, आणि लोक कौतुक करून आपापल्या कामाला लागतात. पण गवंड्याच्या तोंडी 'धरलं' हा शब्द फार मोठा. गिलाव्याने भिंत धरली, स्लॅबने धरलं, म्हणजे तो विषय संपला, आता पुढचं काम. ह्यांनी तोच हिशोब इथे लावला. मान धरली ना? मग घाला खायला!

"आणि बघ की, मुठी कशा खातेय. भुकेली आहे पोर," हे म्हणाले. "काल रात्री दोनदा उठली, वरून आवाज येत होता. आणि माझ्या ताटाकडे बघते ती."

"ती पंख्याकडेही बघते," मी म्हटलं. "पंखा देऊ का कापून?"

माझं कोण ऐकतंय? लेक वर कपडे वाळत घालायला गेली आणि ह्यांनी केळं घेतलं. ते वाटीत असं कालवलं, असं कालवलं, की मला वाटलं आता भिंत शोधतात. चमचा उलटा धरून बघितला. केळं पडलं नाही. "धरतंय," म्हणाले, आणि चमच्याचं टोक मुकादमीणबाईंच्या ओठांना लावलं.

तिने तोंड उघडलं. केळं आत गेलं. मागोमाग जीभ बाहेर आली आणि केळ्याला घेऊन आली. ह्यांनी हनुवटीवरचं चमच्याने अलगद उचललं आणि परत आत. जिभेने परत बाहेर. गिलावा करताना खाली पडलेला माल थापीने उचलून पुन्हा भिंतीवर मारतात, तो हात बसलेला ना! तिसऱ्यांदा उचलणार तेवढ्यात मी चमचा काढून घेतला.

"माल परत पाठवला हो," हे म्हणाले. चाळीस वर्षांच्या धंद्यात एवढं पडलेलं तोंड मी बघितलं नव्हतं.

लेक खाली आली, पोरीच्या गळ्यावर ओघळलेलं केळं बघितलं, आणि मग जे काही झालं ते माझ्या जिभेवरच्या सुईलाही लाजवेल असं होतं. "बाबा! चार महिन्यांची आहे ती! आधी कळस मग पाया असं चाललंय का तुमचं?" गवंड्याला ही म्हण ऐकवायची म्हणजे शिवीच. हे मुकाट्याने वाटी धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी पोरीचं वजन करायला दवाखान्यात जायचंच होतं. हे हट्टाने बरोबर आले. तिथल्या नर्सबाई चांगल्या धिप्पाड, चष्मा गळ्यात दोरीला लटकवलेला. ह्यांनी त्या दोरीकडे बघूनच अर्धा विश्वास टाकला असावा. काटा शून्यावर यायच्या आत विचारलं, "मान धरलीये हिने. मग खायला का घालायचं नाही?"

"मान धरलीये, छानच आहे," नर्सबाई म्हणाल्या. "पण कंबर धरलीये का, आजोबा? टेकू देऊन बसवलं तर नीट बसते, की कलंडते?"

"कलंडते," हे म्हणाले.

"मग? जिला बसवत नाही, तिला घास कसा सांभाळता येईल? शिवाय समोरची वस्तू बघायची, हातात धरायची आणि आपणच तोंडाकडे न्यायची, हे जमायला हवं. आणि तिसरी ती जीभ. काल बाहेर ढकललं ना तिने? बरोबरच केलं. आत्ता तोंडात काही गेलं की तिची जीभ ते ढकलतेच. ढकलायचं सोडून घास आत घेऊन गिळायला लागली की समजा, आता तयार. हे सगळं एकदम दिसायला साधारण सहा महिने लागतात."

"पण मुठी खाते. रात्री उठते."

"मुठी सगळीच बाळं चोखतात. आणि रात्री उठली तर दूध पाजायचं. तुम्ही नाही का रात्री उठत? तुम्हाला कोणी केळं भरवतं का?"

लेक आणि मी खो खो हसलो. हे मात्र हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या काढायची घाई नको." नर्सबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी सांगितलं, स्लॅब ओतल्यावर तो पक्का होईपर्यंत खालून फळ्यांचा आधार ठेवतात, तो आधी काढला की सगळं खाली येतं. "अगदी तेच," नर्सबाई म्हणाल्या आणि हसत वजन लिहून घेतलं.

घरी येताना रस्ताभर हे बोटं मोजत होते. मान, कंबर, हात, जीभ. मान झाली, तीन राहिली.

मग सुरू झाली रोजची तपासणी! सकाळी चहा व्हायच्या आत मुकादमीणबाईंना सतरंजीवर बसवायचं, मागे उशी लावायची, आणि ह्यांनी समोर एक डोळा मिटून बसायचं. "आज डावीकडे कलली. कालच्यापेक्षा उशिरा कलली मात्र!" जावई बसवरून आले की बूट काढायच्या आधी विचारायचे, "आज किती वेळ?" मी म्हणायचे, वेड लागलंय सगळ्यांना. आणि म्हणता म्हणता मीच जुन्या पँटींच्या कापडाची एक गोल, मधे भोक असलेली उशी शिवली, पोरीला बसवायला. दुधावरची साय असते ती, तिच्यापुढे कोणाचा शहाणपणा टिकलाय?

अशात खऱ्या मुकादमाचा फोन आला. परगावी शाळेची मोठी इमारत उभी राहिली होती, गिलाव्याला सगळी टोळी निघाली होती, ओळंबा पाहिजेच. हे एका हाताने पोरीला धरून फोनवर म्हणाले, "जमणार नाही हो. पाठ धरलीये." मी जागच्या जागी थिजले. पाठ धरायची तर सोडाच, हे त्या क्षणी पोरीला घेऊन नाचत होते!

पाप असं चटकन फळत नाही, पण हे फळलं. संध्याकाळी टोळीतला एक गडी मलमाची डबी घेऊन दारात हजर. मुकादमाने पाठवली होती, आणि स्वतःच्या हाताने चोळून ये असं बजावलंही होतं. हे सदरा काढून पालथे पडले. तो गडी असा काही रगडायला लागला की ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पाणी बघून तो म्हणाला, "फारच धरलीये बघा!" पुढे आठवडाभर घराला त्या मलमाचा वास होता. मुकादमीणबाई ह्यांच्याकडे गेल्या की शिंकायच्या.

आणि त्याच आठवड्यात ती गंमत झाली. ह्यांना वाटलं, नुसत्या डोळ्याने काय खरं, ओळंबाच लावून बघू. पोरगी माझ्या गोल उशीत बसली होती. ह्यांनी तिच्या पाठीशी दोरी धरली. मी मशीनवर होते, एक झिप अर्धी लागलेली. बघते तर मुकादमीणबाईंनी मान वळवली. पितळी ओळंबा हलत होता. तिने तो बघितला. नीट, दोन्ही डोळ्यांनी बघितला. हात पुढे केला, पहिल्या झटक्यात हुकला, दुसऱ्या झटक्यात तिने दोरीसकट पकडला आणि सरळ तोंडाकडे!

"अहो!" मी किंचाळले.

"धरला!" हे किंचाळले. "बघितला, धरला, नेला! अगं, एका दमात!"

तो ओठांना टेकायच्या आत मी झडप घालून काढून घेतला. चाळीस वर्षांचं सिमेंट आणि घाम खाल्लेला तो गोळा! पोरगी भोकाड पसरून रडायला लागली, हे खिडकीतून वर हाका मारायला लागले, "हात झाला! हात झाला!" आणि मी तो ओळंबा पातेल्यात टाकून उकळायला ठेवला. पितळ उकळून काय होणार होतं? पण आनंदाच्या भरात काहीतरी करायलाच हवं होतं. मग पोरीच्या हातात धुतलेला लाकडी चमचा दिला. तोही सरळ तोंडात गेला. तोवर लेकही धावत खाली आली होती, आम्ही तिघं टाळ्या वाजवत उभे.

पण मुकादमाचा परत फोन आला. मलम लावून झालं, आता सोमवारी निघा. बाहेरची उंच भिंत दुसऱ्या कोणाला द्यायला त्याचं मन घेत नव्हतं, आणि ती झाल्याशिवाय बाकीच्यांचंही काम अडलं होतं. एक मुकादम फोनवर, एक मांडीवर. ह्यांनी मांडीवरच्या मुकादमीणबाईंकडे बघितलं आणि फोनवर "येतो" म्हणाले.

रविवारी मी ह्यांची पिशवी भरायला घेतली. शेवटी लेकच म्हणाली, "बाबा, द्या आज एक चमचा. थोड्या दिवसांनी सुरू करायचंच आहे. तुम्हाला शब्द दिलाय मी." मीही काही शहाणपणा केला नाही. गाजर मऊ वाफवलं, गाळून घेतलं आणि वाटी ह्यांच्या हातात दिली. ह्यांचं तोंड बघवत नव्हतं मला.

मुकादमीणबाई उशीत बसल्या. ताठ बसल्या! ह्यांनी चमचा भरला. ती चमच्याकडे बघत होती, हात पुढे येत होता. आणि मग ती हळूहळू डावीकडे कलायला लागली, आणि उशीच्या कडेवर जाऊन टेकली.

"आणखी एक उशी लावू का?" मी विचारलं.

"नको," हे म्हणाले. "उशीने सरळ दिसेल, होणार नाही." चमचा तसाच हातात होता. "कंबर नाही धरली अजून. आत्ता भरवला तर तो माझ्या हौशीचा होईल, तिच्या भुकेचा नाही." मग लेकीकडे वळून म्हणाले, "ती तयार झाली की भरव. माझी वाट बघू नकोस. एक दिवसही थांबवू नकोस तिला."

आणि तो चमचा त्यांनी स्वतःच खाल्ला. "मीठ नाही काही नाही," असं म्हणत तोंड धुवायला गेले. बराच वेळ नळ वाहत होता. मी उगाचच वाटीत उरलेल्या गाजरावरून लेकीला बोलले.

जाताना हे जुना लोखंडी ओळंबा घेऊन गेले. पितळी, उकळलेला, माझ्या मशीनवरच्या खिळ्याला टांगून ठेवला. "लावून बघत जा," एवढंच म्हणाले. मी रोज लावला. रोज संध्याकाळी फोनवर "आज किती कलली?" हाच प्रश्न. हळूहळू उत्तरं देताना माझाच आवाज चढायला लागला. "आज जवळजवळ नाहीच!" "आज नाही!" "अहो, आजही नाही!"

पोरीला सहा महिने भरले. घोडं पेंड खात होतं ते आता फक्त जिभेपाशी. जावयांनी सुट्टी काढली, लेकीने गाजर वाफवलं, आणि मी भर कामाच्या वेळी ह्यांना फोन लावला, चेहरा दिसणारा. पलीकडे धूळ, बांबू, अर्धी भिंत आणि मधोमध सिमेंटने पांढऱ्या झालेल्या भुवया. मागे अख्खी टोळी गोळा झालेली. कोणीतरी ओरडत होतं, "काम बंद का पडलं?" तो मुकादम होता. मग तोही खांद्यावरून डोकावायला लागला.

"ओळंबा लाव आधी!" हे ओरडले. मी लावला. दोरी आणि पोरीची पाठ, दोन्ही सरळ. पलीकडून टोळीने आरोळी ठोकली.

मी फोन मुकादमीणबाईंच्या समोर धरला. लेकीने चमचा भरला. पोरीने चमचा बघितला आणि आपणहून तोंड उघडलं. एका हाताने चमचा धरला, तोंडात ओढला, आणि दुसरा हात वाटीत बुडवून फाडकन फोनवर मारला! ह्यांच्या बरोबर तोंडावर. सगळा पडदा नारिंगी झाला.

"काय झालं? अगं, काही दिसत नाहीये! परत आलं का? ढकललं का बाहेर?"

मी बघत होते. तिने कपाळाला आठ्या घातल्या. ओठ मिटले. जीभ आतल्या आत फिरली. मी त्या ओठांवरून नजर हलवली नाही. जीभ बाहेर आली नाही. इवलासा गळा वर झाला, खाली झाला. आणि तिने पुन्हा तोंड उघडलं, रिकामं, आणि चमच्याकडे बघितलं.

लेक रडायला लागली. जावई हसत होते की रडत होते कोण जाणे. आणि मी, जिच्या जिभेवर सुई, मला एक शब्द फुटेना.

"अगं बोल की! परत आलं का?"

"धरलं," मी म्हटलं. "अहो, धरलं तिने!"

पलीकडे थाप्या घमेल्यांवर वाजायला लागल्या, असा गलका झाला की पोरगी दचकून हसायला लागली. मी पदराने पडदा पुसायला घेतला. आधी भुवया दिसल्या, मग वाहणारे डोळे. तोंडावरचं गाजर तेवढं राहिलं होतं.

"तुम्हाला बघायला मिळालं नाही हो," मी म्हटलं. "तुम्ही भरवणार होतात."

"काय बघायचं राहिलं?" हे म्हणाले. "तिनेच मला भरवलं की!" आणि फोनच्या पलीकडे, सगळ्या टोळीदेखत, मुकादमादेखत, मोठ्ठा आ करून बसले. मुकादमीणबाईंनी वाटीत पुन्हा हात घातला, आणि मी फोन जरा जवळ नेला.